माझा अनुभव: २००१ च्या कामाचा पुरावा काकूच्या पेटीत सापडला
माझा चुलतभाऊ २००१ मधे न्यूयॉर्कले होता, वर्ल्ड ट्रेड सेंटरचे (डब्ल्यूटीसी) टॉवर पडल्यावर तिथल्या धुळीनं भरलेल्या बिल्डिंगा साफ करायचं काम त्यानं दोन महिने केलं, आता दम्यानं रात्रभर बसून राहते. अशा कामगारांसाठी तिथं सरकारी डब्ल्यूटीसी हेल्थ प्रोग्राम, म्हणजे तपासणी-उपचाराची योजना आहे, पण काम केल्याचा पुरावा लागते अन् कंपनी कवाच बंद, पगार रोखीनं.

मंग मी इकडं यवतमाळजवळ गावात काकूची लोखंडी पेटी उघडली. डांबरगोळ्यांच्या वासात त्याची तेव्हाची पत्रं, एकात कामाची जागा, रोजचे तास, सगळं लिहून. पत्रासोबत पाकीटही स्कॅन करा बरं का, पोस्टाच्या शिक्क्याची तारीख त्यावरच असते. इंग्रजी भाषांतर जोडलं. सोबतच्या एका कामगाराचं शपथपत्र घेतलं, त्यात नुसतं ओळखतो म्हणून भागत नाही, कुठं, कवा, किती तास ते पाहिजे, कारण ११ ते १४ सप्टेंबर २००१ मधे ४ तास, नाहीतर सप्टेंबर २००१ मधेच २४ तास, नाहीतर जुलै २००२ पर्यंत ८० तास भरावे लागतात. कंपनी शोधली पण सापडली नाही, हेही लिहून दिलं.

मंजुरी आली, पुढच्या आठवड्यात त्याची पहिली तपासणी आहे.