दोन दिवसांचा डोंगर-ट्रेक आखताना परतीच्या वेळेपासून सुरुवात करा

शनिवार-रविवारच्या ट्रेकची आखणी बहुतेक जण माथ्यापासून सुरू करतात. कुठलं शिखर, कुठली खिंड, वरून काय दिसतं हे आधी ठरतं आणि वेळेचं गणित मागाहून कसंबसं बसवलं जातं. डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात दोनच दिवस हातात असतील तर उलटीकडून सुरुवात केलेली बरी. अंधार किती वाजता पडतो, त्याआधी किती वाजता खाली यायचं आणि त्यासाठी वरून किती वाजता मागे फिरायचं, या तीन वेळा कागदावर लिहा. कुठवर जाता येईल ते त्यावरून आपोआप कळतं.

आधी उद्यानाचे नियम

राष्ट्रीय उद्यान म्हणजे मोकळा डोंगर नव्हे. प्रवेशाच्या वेळा, परवाने, मुक्कामाच्या जागा सगळं ठरलेलं असतं आणि त्यावरच तुमचा बेत टिकतो किंवा कोसळतो. उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या आत बाहेर पडावं लागतं. तिथे तंबू घेऊन जायचा बेत केलात तर तो प्रवेशद्वारावरच संपतो. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात हाफ डोम या खडकाळ शिखरावर लोखंडी दोर धरून चढायचं तर परवाना लागतो आणि तो सोडतीतून मिळतो.

म्हणून तारीख ठरवण्याआधी उद्यानाचं अधिकृत संकेतस्थळ उघडा आणि एवढं बघून घ्या: पायवाट त्या महिन्यात खुली आहे का, दिवसाला किती जणांना सोडतात, मुक्कामाचं आरक्षण वेगळं करावं लागतं का, वाटाड्या सक्तीचा आहे का, चूल पेटवायला परवानगी आहे का. ड्रोन आणि पाळीव कुत्रा यांवर बऱ्याच उद्यानांत बंदी असते. मग वनरक्षकांच्या कार्यालयात एक फोन करा. वाहून गेलेला साकव किंवा दरड कोसळून बंद झालेली वाट संकेतस्थळावर कधी कधी उशिरा चढते. फोनवर मात्र दोन मिनिटांत कळतं.

वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब मांडला आणि तो अजून वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यात विश्रांती धरलेली नाही आणि चालणारा धडधाकट आहे असं गृहीत धरलंय. पाठीवर सॅक असलेल्या, आठवडाभर खुर्चीत बसलेल्या माणसाने आलेल्या उत्तराची दीडपट करावी, असं माझं मत.

एक उदाहरण करून बघू. पायथ्यापासून खिंड ८ किलोमीटरवर आणि १,००० मीटर उंचावर आहे. जाताना अंतराचे १ तास ३६ मिनिटं, चढाईचे १ तास ४० मिनिटं, मिळून ३ तास १६ मिनिटं. दीडपट केली की जवळजवळ पाच तास. उतरताना चढाईचा वेळ नाही, म्हणून १ तास ३६ मिनिटांची दीडपट, सुमारे अडीच तास. एकूण साडेसात तास.

सकाळी सातला निघालात तर बाराला खिंडीत आणि अडीचला पायथ्याशी. शनिवारी सकाळी घरून निघून, दहाला प्रवेशद्वाराशी पोहोचून, परवान्याची रांग उरकून अकराला चालायला लागलात, तर हाच हिशेब संध्याकाळी साडेसहाला संपतो. तोवर बऱ्याच ऋतूंत अंधारलेलं असतं. म्हणून शुक्रवारी रात्रीच पायथ्याशी मुक्कामाला पोहोचा, शनिवारी मोठी चाल करा आणि रविवारी अर्ध्या दिवसाची. शुक्रवारी निघणं जमत नसेल तर पायवाटच छोटी निवडा. पळत जाऊन वेळ भरून काढू, हा विचार डोंगरात चालत नाही.

आता मागे फिरण्याची वेळ. वरच्या उदाहरणात मी दुपारी एक ठरवेन. एकला जिथे असाल तिथून वळायचं, खिंड समोर दिसत असली तरी. ही वेळ पायथ्याशी असतानाच सगळ्यांनी मिळून ठरवायची, कारण माथा अर्ध्या तासावर आला की कुणालाच मागे वळावंसं वाटत नाही. गट असेल तर हिशेब सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने करा आणि त्याला पहिल्या दोघांत ठेवा. तो मागे राहिला की पुढचे थांबून विसावा घेतात आणि तो पोहोचला की लगेच उठतात. विसाव्याची खरी गरज ज्याला असते त्यालाच तो मिळत नाही.

नकाशा वाचा, नुसता डाउनलोड करू नका

किलोमीटरचा आकडा फसवा असतो. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. एकमेकींना चिकटलेल्या असतील तर खडी चढण, दूर दूर असतील तर पठार किंवा सौम्य उतार. दोन रेषांमध्ये उंचीचा किती मीटरचा फरक आहे ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दहा मीटरच्या आणि चाळीस मीटरच्या रेषा दिसायला सारख्याच. रेषांची टोकं वरच्या, उंच बाजूला वळली असतील तर ती घळ किंवा ओढा, खालच्या बाजूला वळली असतील तर डोंगराची सोंड. पायवाटेवर बोट फिरवत जा आणि तीन गोष्टींवर खुणा करा: पाणी कुठे, ओढा कुठे ओलांडायचा, आणि गरज पडली तर मधूनच खाली उतरणारी वाट कुठे फुटते.

ओढ्याची वेळही लिहून ठेवण्यासारखी असते. बर्फ वितळून वाहणारं पाणी सकाळी कमी असतं आणि ऊन चढेल तसं वाढत जातं. सकाळी घोटाभर पाण्यातून सहज पार झालेला ओढा दुपारी परतताना गुडघ्याला लागू शकतो.

फोनमध्ये नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, घरी असतानाच फ्लाइट मोड लावून तो उघडतो का बघा, आणि एक कागदी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. रात्री फोन आणि पॉवरबँक दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

हवामान आणि उंची

अंदाज बघताना तो कुठल्या उंचीचा आहे ते तपासा. बऱ्याचदा तो खालच्या गावाचा असतो. दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. खाली १८ अंश असतील तर आपल्या उदाहरणातल्या खिंडीत साधारण ११ ते १२, आणि वारा सुटला की त्याहून बरंच थंड वाटतं. ऊन मात्र वर जाल तसं जास्त भाजतं, ढग असले तरी.

डोंगरात विजांचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. सकाळी लवकर निघण्याचं हे आणखी एक कारण. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. धार, माथा, एकटं उभं झाड सोडून खाली सरका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

मुक्काम २,५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. तरुण आणि व्यायाम करणारे यातून सुटत नाहीत. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. असं झालं की आणखी वर जायचं नाही, वाढत गेलं तर खाली उतरायचं. चालताना झोकांडी जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळ व्हायची वाट न बघता लगेच उतरायला लागा. दोन दिवसांत शरीर उंचीला सरावत नाही, त्यामुळे वीकेंडसाठी कमी उंचीवर झोपता येईल असाच मार्ग निवडलेला चांगला.

सॅकमध्ये काय

याद्या पुष्कळ मिळतात, म्हणून सगळं सांगत बसत नाही. अंगाला लागून सुती कपडा नको, घामाने भिजला की वाळत नाही आणि अंग गार पडतं. त्यावर ऊब देणारा थर आणि वर पाऊस-वारा अडवणारं जाकीट. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा, एका दिवसाची चाल असली तरी. शिट्टी, प्रथमोपचाराची पिशवी, काडेपेटी, एका वेळचं जादा खाणं आणि मोज्यांचा कोरडा जोड, जो फक्त झोपताना घालायचा.

नवे बूट थेट डोंगरावर नेऊ नका. निघण्याआधी पायाची नखं कापा. आणि उतार सुरू होण्याआधी थांबून बुटांच्या नाड्या नव्याने बांधा: घोट्यापाशी घट्ट, बोटांपाशी जराशा सैल. टाच मागे पक्की बसली पाहिजे. ती सैल राहिली तर प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आदळतो आणि खाली येईपर्यंत नख काळंनिळं होतं. एवढी साधी गोष्ट, पण घाईत हमखास राहून जाते.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी शुद्ध करूनच प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. क्लोरीनच्या गोळ्यांना पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या. काही परजीवी त्यांना दाद देत नाहीत, तेव्हा उकळणं किंवा चांगला फिल्टर जास्त भरवशाचा.

खाण्याचा डबा, टूथपेस्ट, वासाचा साबण यातलं काहीच तंबूत ठेवू नका. अस्वलांचा वावर असलेल्या काही उद्यानांत खाणं ठेवायला खास मजबूत डबे सक्तीचे असतात, ते कुठे मिळतात ते आधी विचारा. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून साठ-सत्तर मीटर लांब जा, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि मातीने बुजवा. टिश्यू पेपर पिशवीत बांधून परत आणायचा. किळसवाणं वाटतं खरं, पण प्राणी उकरून काढतात आणि मग पाणवठ्याच्या आजूबाजूला ते पांढरे बोळे पसरतात.

घरी चिठ्ठी

निघण्याआधी एका भरवशाच्या माणसाला लेखी कळवा: कुठली वाट, कोण कोण, मुक्काम कुठे, गाडी कुठे आणि तिचा नंबर काय. शेवटी एक वेळ द्या, ‘रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर कळवायचं’, आणि खाली उद्यानाच्या कार्यालयाचा नंबर. ‘संध्याकाळपर्यंत येऊ’ एवढं सांगून भागत नाही, कारण मग फोन करावा की अजून थांबावं याचा घोळ त्या माणसाच्या गळ्यात पडतो. आठ ही वेळही तुमच्या हिशेबातून आली पाहिजे, म्हणजे पायथा, गाडी आणि रेंज मिळेपर्यंतचा रस्ता धरून त्यावर दोन-तीन तास.

वर अडकलात तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. आल्प्सपासून रूढ झालेला हा संकटाचा इशारा आहे आणि त्याला उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी मिळतं. काही देशांत तीन शिट्ट्या हाच संकटाचा इशारा असतो, तेव्हा उद्यानात कुठली पद्धत आहे ते परवाना घेतानाच विचारा. मोबाइलवरून ११२ हा क्रमांक अनेक देशांत चालतो, आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल तर बऱ्याचदा लागतो.

खाली आल्यावर उद्यानाच्या नोंदवहीत ‘बाहेर पडलो’ म्हणून सही करा, मगच बूट काढा. ज्याच्याकडे चिठ्ठी ठेवलीय त्याला रेंज मिळताच पहिला फोन. फोटो पाठवणं त्यानंतर.