ड्रॉबार आवळताना स्पिंडल धरायचा कसा

हाताने टूल बदलायच्या मिलिंग मशीनवर ही रोजचीच अडचण. वर ड्रॉबारला (स्पिंडलमधून आरपार जाऊन टूल वर ओढून धरणारा लांब बोल्ट) पाना लावून ओढला की स्पिंडलही, म्हणजे कटर फिरवणारा मशीनचा दांडाही, पान्याबरोबर फिरतो. मग कोणी कटरला चिंधी गुंडाळून धरतो, कोणी पट्टा मुठीत पकडतो, कोणी कटर आणि टेबल यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा अडकवतो. चिंधीतून कटरची धार आरपार जाते, पट्टा सरकला की बोटं पुलीत ओढली जातात आणि लाकडावर दाब आला की कार्बाइडचा कोपरा उडतो.

आर८ स्पिंडल (आतल्या निमुळत्या भोकाचं, म्हणजे टेपरचं, एक प्रमाणित माप) असेल तर कटर धरण्यात आणखी एक तोटा आहे. स्पिंडलच्या आत एक छोटी चावी असते, ती कोलेटच्या (कटर पकडणारी चिरलेली नळी) खाचेत बसते. कोलेट टेपरमध्ये पक्का बसेपर्यंत आवळण्याचा सगळा जोर तिच्यावर येतो. ती कोलेट सरळ बसवण्यापुरती आहे, जोर पेलायला नाही. म्हणून तुटते, आणि तिचा तुकडा बोअरमध्ये अडकला की कोलेट ना आत जातो ना बाहेर येतो.

मुळात किती आवळायचं ते आधी ठरवा, कारण स्पिंडल धरण्याची निम्मी झटापट गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे होते. आर८ च्या ड्रॉबारला ७/१६ इंच, २० टीपीआय (इंचाला २०) आटे असतात. त्याला ३५ ते ४५ न्यूटन-मीटर पुरतात. २०० मिमी लांबीच्या पान्यावर हा साधारण २० किलोचा ओढा झाला, म्हणजे एका हाताचं काम. एवढ्यात ड्रॉबारमध्ये दीड-पावणेदोन टनांचा ताण येतो, अर्थात आटे साफ आणि किंचित तेलकट असतील तर. आयएसओ ४० या दुसऱ्या प्रमाणित टेपरच्या एम१६ ड्रॉबारला ५० च्या आसपास जा. पान्यात पाइप घालायची वेळ येत असेल तर दोष हाताच्या जोराचा नाही: ड्रॉबारच्या डोक्याखालचा वॉशर खरवडलेला असेल, आटे कोरडे असतील किंवा टेपरमध्ये चिप अडकलेली असेल. वॉशरखाली बोटभर ग्रीस लावा. टेपर मात्र कोरडा, पुसलेलाच हवा.

आता धरण्याकडे. भोसरी, शिरोली, अंबड इथल्या टूलरूममध्ये दिसणाऱ्या एम१टीआर पद्धतीच्या टरेट मिलवर (फिरवता येणाऱ्या हेडची उभी मिलिंग मशीन) हेडलाच ब्रेकचं लिव्हर असतं. तेच वापरायचं. क्रम असा:

१. मेन स्विच बंद करा. नुसतं स्टॉप दाबून भागत नाही, विशेषतः व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावलेल्या मशीनवर. ड्राइव्हने मोटर रोखून धरता येते म्हणून तिच्या भरवशावर पाना ओढणारेही भेटतात. ड्राइव्ह चालू असताना पाना ड्रॉबारच्या डोक्यावर नकोच.

२. स्पिंडलचा टेपर आणि होल्डर पुसा. बोट आत फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारी चिप बोटाला लागते. त्याआधी स्पिंडल पूर्ण थांबलाय ना, हे बघायला विसरू नका.

३. खालून होल्डर चावीशी जुळवून वर धरा आणि ड्रॉबार हाताने फिरवा. आटे किमान ड्रॉबारच्या व्यासाइतके आत जायला हवेत: एम१६ ला ८ फेरे, ७/१६ ला ९. दोन-तीन फेऱ्यांतच अडलं तर पाना लावू नका, सगळं उतरवून बघा.

४. डाव्या हाताने ब्रेक, उजव्या हाताने पाना. पाना आखूड, रिंगचा, आणि असा लावा की ओढताना तुमच्याकडे येईल. ओढा एकसारखा द्या. पाना ढकलताना निसटला तर मूठ थेट मोटरच्या कव्हरवर बसते.

५. पाना काढा, मग ब्रेक सोडा. काही हेडवर लिव्हर वळवून वर उचललं की तिथेच अडकतं. तसंच विसरून मोटर चालू केली तर ब्रेकचं लायनिंग जळतं.

पान्याबद्दल एकच नियम, पण तो कडक पाळा: पाना ड्रॉबारच्या डोक्यावर असेपर्यंत हात पान्यावरून निघत नाही. फोन आला, कोणी हाक मारली, तरी आधी पाना खाली. ड्रॉबारवर राहिलेला पाना मशीन चालू होताच भिरकावला जातो आणि तो माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असतो. आपोआप वर उडून येणारा स्प्रिंगचा पाना बनवून घेतलात तर उत्तमच.

ब्रेक झिजलेला किंवा तेलकट असेल तर २० किलोच्या ओढ्यालाही घसरतो. अशा वेळी मशीन थांबलेली असताना हेड बॅक गिअरमध्ये (कमी फेऱ्यांसाठीची गिअर जोडी) टाका आणि मग ब्रेक दाबा. ब्रेक पुलीवर लागतो आणि पुली व स्पिंडल यांच्यामध्ये साधारण ८ पट गिअर कपात असते, त्यामुळे तोच ब्रेक स्पिंडलला ८ पट धरतो. मात्र ओढा शांतच हवा. पान्यावर हातोडी मारलीत की प्रत्येक घाव गिअरच्या दातांवर जातो. लेथवर करतात तसं बॅक गिअर आणि थेट क्लच दोन्ही एकदम अडकवून स्पिंडल बांधायची युक्ती इथे करू नका. दात किंवा क्लच, काहीतरी जातंच. आणि ही तात्पुरती सोय आहे, ब्रेकचं लायनिंग बदलायला टाळू नका.

पट्ट्याऐवजी सगळे गिअरच असलेल्या जुन्या आडव्या मिलवर बहुधा धरायची गरजच पडत नाही. सगळ्यात कमी फेऱ्यांचा गिअर टाकला की मोटरपर्यंतची सगळी साखळी स्पिंडल अडवते. तिथे ड्रॉबारला मागे लॉकनट असतो: ड्रॉबार आर्बरमध्ये (कटर बसवायचा आडवा दांडा) हाताने भरायचा, मग त्याच्या चौकोनी टोकावर एक पाना आणि नटवर दुसरा. दोन्ही पान्यांच्या दांड्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर लावा आणि कात्रीसारख्या एका मुठीत मिटा. जोर दोन पान्यांमध्येच फिरतो, स्पिंडलवर जवळजवळ काहीच येत नाही.

छोट्या बेंच मिलवर ब्रेक नसतो. काहींच्या स्पिंडलला आडवं भोक असतं आणि त्यात पिन घालायची असते. पिन विसरून मशीन चालू केली की आतले प्लॅस्टिकचे गिअर सोलून निघतात. पिन आणि मेन स्विचची किल्ली एकाच साखळीला बांधा, विसरायला जागाच राहणार नाही. ज्यांच्या स्पिंडलचं वरचं टोक खाचांचं किंवा षट्कोनी असतं, त्यांच्यासाठी १० मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटमधून ३०० मिमी दांडीचा पाना कापून घ्या. तोंड मापून, कानशीने घासून बसवा. सैल पाना खाचांचे कोपरे खातो. हा खालचा पाना मशीनच्या कॉलमवर टेकवू नका, ड्रॉबारच्या पान्याबरोबर कात्रीसारखाच मिटा.

हवेवरचा इम्पॅक्ट पाना लावला तर स्पिंडल धरावा लागत नाही, त्याचे ठोके इतके क्षणिक असतात की जड स्पिंडलला फिरायला सवड मिळत नाही. पण किती आवळलं गेलं ते हाताला कळत नाही. हवेचा दाब रेग्युलेटरने कमी करा आणि हाताच्या टॉर्क पान्याने एकदा पडताळून घ्या, नाहीतर महिन्याभरात कोलेटचे आटे ताणलेले दिसतील.

आवळल्यावरही कटर खाली सरकत असेल तर होल्डरमधल्या भोकाचा तळ तपासा. ड्रॉबार तळाला टेकला की पान्याला घट्ट लागतो, होल्डर मात्र वर ओढलाच जात नाही. ड्रॉबारच्या डोक्याखाली एक जाड वॉशर वाढवला की सुटतं.

काढताना ब्रेक तसाच. एक ते दीड फेरा सैल करा, मग ड्रॉबारच्या डोक्यावर पितळी हातोडीचा एक नेमका ठोका. पूर्ण सैल करून ठोकलंत तर शेवटच्या एक-दोन आट्यांवर मार बसतो आणि ते चपटतात. आर८ आणि ७/२४ (आयएसओ ४० चा) टेपर ठोक्यासरशी सुटतात. मोर्स टेपर (कमी उताराचा) मात्र घट्ट धरून ठेवतो, त्यात थंड होल्डर गरम स्पिंडलमध्ये आवळून रात्रभर ठेवलात तर सकाळी फारच मेहनत घेतो. सुट्टी होताना ड्रॉबार सैल करून जा. ठोकण्याआधी टेबलावर लाकडी फळी ठेवा आणि कटर चामडी हातमोज्याने सावरा. हातमोजा मशीन बंद असतानाच, चालू करण्याआधी काढायचा.