टेस्टचा ट्रेस फाईलमध्ये पकडताना क्रम सांभाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं स्टॉकचं सॉफ्टवेअर तपासत होतो. टेस्टचा ट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम चालताना छापतो त्या ओळी, फाईलमध्ये घेत होतो. डझनाचे नग करताना एरर यायची, पण आउटपुटची फाईल उघडली की त्यात एररची एकही ओळ नाही! कारण साधं होतं. प्रोग्रॅमचं नेहमीचं आउटपुट १ नंबरच्या वाटेनं जातं, एरर २ नंबरच्या. मी फक्त १ नंबरची वाट फाईलकडे वळवली होती. लिनक्सवर कमांडच्या शेवटी हे जोडा:

> नोंद 2>&1

‘नोंद’ हे फाईलचं नाव; शेवटचा भाग २ ची वाट १ जिथे जातो तिथेच वळवतो. हाच क्रम ठेवा. 2>&1 आधी लिहिलं तर एरर स्क्रीनवरच राहते; शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि त्या क्षणी १ अजून स्क्रीनकडेच असतो.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. प्रोग्रॅम पायथन भाषेत असेल, तर पायथन फाईलमध्ये लिहिताना ओळी साठवून गठ्ठ्यानं टाकतो. प्रोग्रॅम मध्येच मारला गेला तर शेवटच्या, म्हणजे नेमक्या हव्या त्या ओळी जातात. म्हणून पायथन ‘वजा यू’ (-u) पर्यायानं चालवा. पायटेस्ट हे पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन पास झालेल्या टेस्टचं आउटपुट दाखवत नाही. तिथे ‘वजा एस’ (-s) द्या.

एकेरी > जुनी फाईल पुसतं. आधीचा ट्रेस हवा असेल तर >> वापरा.