खोल बोअरचं पाणी नक्की कितीला पडतं, हिशोब असा काढा

खोऱ्यात बोअर खोल जायला लागले की सगळे लाईट बिलावरच बोलतात, पण खर्चातला एक वाटा जमिनीच्या पोटात होतो आणि तो कुठल्या बिलावर येत नाही. दोन्ही बघायला लागतं.

आधी पातळी. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी पाणी किती फुटावर आहे ते मोजा, मग तीन-चार तास चालवून परत मोजा. हिशोबाला हा दुसरा आकडा घ्यायचा, बोअरची खोली नाही, बोअर 800 फूट आहे म्हणजे पाणी 800 वरून उचलतोय असं नसतं. पुढे प्रेशर लागत असेल तर दर 1 बारला साधारण 33 फूट मिळवा.

1000 लिटर पाणी 100 फूट वर आणायला कागदावर 0.083 युनिट लागतं, पण मोटर आणि पंप मिळून निम्मी वीज खातातच, तेव्हा सरळ 0.17 धरा. 300 फुटाला अर्धा युनिट, 600 ला एक. तासाला 15 हजार लिटर काढत असाल तर 600 फुटावर तासाला 15 युनिट गेले, त्याला तुमचा दर लावा. मीटर याच्यापेक्षा बरंच जास्त दाखवत असेल तर पंप झिजलाय, आधी तो बघा.

आता जमीन. वाळूच्या थरातलं पाणी गेलं तर परत भरतं, चिकणमातीचं तसं नाही, तिचे कण पाण्याच्या दाबावर तोलून असतात, दाब गेला की ते चपटे होऊन बसतात आणि मग कितीही पाऊस पडो, ती जागा परत उघडत नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात मेंडोटाजवळ 1925 ते 1977 या काळात जमीन जवळपास 9 मीटर खाली गेली. त्याच खोऱ्यातला फ्रायंट-कर्न कालवा नुसत्या उतारावर वाहतो, मधला भाग खचल्यावर त्या टप्प्यात निम्म्याहून जास्त पाणी वाहायचं बंद झालं. कोणी कालवा फोडला नव्हता, आजूबाजूचे पंप चालू होते एवढंच.

तुमच्याकडे असं होतंय का ते केसिंगवर, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाईपवर कळतं. केसिंग खालच्या घट्ट थरात रुतलेलं असतं, जमीन खाली सरकली तरी ते जागेवर राहतं, त्यामुळे वर आल्यासारखं दिसतं आणि सिमेंटचा चौथरा खालून पोकळ पडतो. चौथऱ्यालगत केसिंगवर पक्क्या रंगाने रेघ मारा, तारीख टाका, दर सहा महिन्यांनी रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. फक्त एक, बोअर वाळू ओढत असला तरी चौथऱ्याखाली पोकळी होते, म्हणून बादलीभर पाणी भरून ठेवा आणि तळाला वाळू बसते का बघा.

अख्खा बोअर कातळात असेल तर हे खचण्याचं सहसा नसतं, विजेचा हिशोब मात्र तोच. आणि रेघ सरकलेली दिसली तर बोअर अजून खोल नेऊ नका, उपसा कमी करा आणि शेजारच्या बोअरवाल्यांनाही रेघा मारायला लावा, कारण थर सगळ्यांचा एकच असतो.