सीडी-फोरचा कागद वाचायचा कसा

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी माग होता तेव्हापासून मी कांड्या भरते. मजुरी लिहायला एक लांबट वही आहे. तिच्या शेवटच्या पानांवर माझे सीडी-फोरचे आकडे आहेत, आणि प्रत्येकापुढं 'जमा' लिहिलंय. कुणी वही उघडलीच तर वाटावं, साड्यांचे पैसे आलेत. पहिली ओळ 2009 ची आहे : 118 जमा.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांच्या, रांगेत बसलं की नवीन बायका कागद पुढं करतात, "आक्का, हे बघा की जरा." कागद इंग्रजीत, समजावून सांगणं कन्नडात, आणि ऐकणारी खानापूरकडची, मराठी. 'छलो अद री', चांगलं आहे, एवढं कळतं, खरं त्यात काय छलो ते कळत नाही. म्हणून लिहिते.

सीडी-फोर म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींतली एक जात. बाहेरचा जंतू शिरला की या पेशी बाकीच्यांना कामाला लावतात. एचआयव्ही नेमका यांच्यातच घुसतो. कागदावरचा आकडा म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही छोट्या अंशात, अशा पेशी किती सापडल्या ते. निरोगी माणसात साधारण 500 ते 1500. पल्ला केवढा मोठा आहे बघा! म्हणून शेजारणीला 900 आणि मला 600, असं दहावीच्या मार्कांसारखं लावत बसू नका. तुमचा आकडा तुमच्याच मागच्या आकड्याशी लावायचा.

तोही कसा लावायचा, ते मी पैसे घालवून शिकले. एकदा माझं 412 वरून 298 आलं. घरी येऊन चूल पेटवली नाही. गोळी एकही चुकली नव्हती, तरी 114 गेले कुठं? कुणीतरी सांगितलं म्हणून एका भोंदूकडून काउंट, म्हणजे हा आकडा, वाढवायची पावडर आणली. आठवड्याची मजुरी त्यात गेली. पुढच्या खेपेला समुपदेशक ताईंनी विचारलं, "रक्त दिलंत तेव्हा बरं होतं ना?" तेव्हा आठवलं, चार दिवस तापानं अंथरुणात होते आणि ताप उतरायच्या आतच रक्त दिलं होतं. ताईंनी कागदाच्या कडेला हिशेब मांडला : 412 चे तीस टक्के म्हणजे साधारण 124. एवढा चढउतार खराखुरा बदल नसतानाही होऊ शकतो. ताप, दुसरा आजार, स्टेरॉइडची गोळी, गरोदरपणाचे दिवस, रक्त घेतल्याची वेळ, लॅब बदलणं, सगळ्यानं आकडा हलतो. परत तपासलं तर 395. पावडर तोवर मी फेकून दिली होती.

तेव्हापासून आकड्यापुढं बारीक अक्षरात एक शब्द लिहिते : 'ताप', 'सर्दी', 'बरं'. तुम्हीही लिहा. एका आकड्यावरून काही ठरवू नका, दोन-तीन ओळी एकाखाली एक बघा. सारखा उतरतच चालला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारायलाच हवं.

बऱ्याच कागदांवर टक्केही असतात. लिंफोसाइट नावाच्या पेशींत सीडी-फोर किती, ते. टक्का आकड्याएवढा हलत नाही. आकडा पडला पण टक्का जागेवर असेल तर मी तरी झोप मोडून घेत नाही.

बीट आणि खजूर खाऊन काउंट वाढतो असं म्हणतात. तो हिमोग्लोबिनचा विचार झाला. पोटभर नीट खावंच, पण सीडी-फोर वर येतो तो रोजच्या गोळीनं. विषाणू दबला की पेशींना परत भरायला सवड मिळते. ज्यांची सुरुवात फार खालून होते त्यांना वर यायला वर्षं लागतात, काहींचा मध्येच कुठंतरी अडकतो. त्यात त्यांची चूक नसते.

गोळी काम करते का, हे कळतं व्हायरल लोडवरून. तो विषाणूचा आकडा, तो खाली हवा. नवीन माणसं इथंच गोंधळतात : एक वर जायला पाहिजे, दुसरा खाली. लोड इतका खाली गेला की मशीनला सापडेना आणि तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मला कुणी 2009 मध्ये सांगितलं असतं तर... असो.

सीडी-फोरचे दोन आकडे पाठ असू द्या. 350 च्या खाली असाल तर कोट्रायमोक्साझोलची, म्हणजे दुसरे आजार टाळायची, गोळी जोडीला देतात. ती मनानं बंद करू नका. 200 च्या खाली टीबी, मेंदूज्वर असले आजार वाट बघत असतात. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही महिने जास्त जपा. ताकद परत येताना लपलेला टीबीसुद्धा डोकं वर काढतो.

आणखी एक. पूर्वी काउंट ठरावीक आकड्याखाली आल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. 2017 पासून निदान झालं की आकडा कितीही असो, उपचार सुरू करतात. म्हणून "माझं 700 आहे, मला कशाला गोळ्या?" हा प्रश्न आता उरला नाही.

तुमच्या गावात तपासायला किंवा विचारायला जायची लाज वाटत असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि तुमचा कागद तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला दाखवायचा नाही, असा 2017 चा कायदाच आहे. मी तरी वहीत 'जमा'च लिहिते. कायदा गल्लीत राहायला येत नाही.

परवा रांगेत एकजण रडत होती, "माझं सीडी-फोर करणंच बंद केलं, म्हणजे मला सोडून दिलं काय?" तिचा जुना कागद बघितला : 530, आणि लोड सापडलेला नाही. आकडा वर स्थिर असला आणि लोड दबलेला असला की सीडी-फोर सारखं करत नाहीत, नुसता व्हायरल लोड वर्षाला बघतात. तिला माझी वही उघडून दाखवली. माझाही रकाना 640 वर थांबलाय. त्याच्याखाली वर्षाला एकच ओळ : 'सापडला नाही'.