धूळ उडवू नका, टिपून घ्या : गादी, सोफा आणि पडद्यांची स्वच्छता

साफसफाईला सुरुवात केली की बहुतेकांचा हात आधी दिवाणखान्यातील शोकेसकडे जातो. माझ्या मते तो आधी गादीकडे जायला हवा. रात्रीचे सात-आठ तास आपले नाक उशीला टेकलेले असते आणि धुळीतला सर्वांत त्रासदायक भागही तिथेच साठतो. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगणारे धूलिकीटक जेमतेम ०.३ मिलिमीटर लांबीचे असतात. ते चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतील प्रथिने श्वासावाटे आत गेली की ॲलर्जी असणाऱ्यांना सकाळी उठल्याउठल्या शिंकांची सरबत्ती सुरू होते आणि दमेकऱ्यांचा दमा उफाळून येतो.

म्हणून चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला, कापडाला सोसत असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. त्या तापमानाला हे कीटक मरतात, गार पाण्यात मात्र त्यांतील पुष्कळसे तग धरतात. गरम पाणी न सोसणारी मुलांची मऊ खेळणी पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि नंतर धुवावीत.

धूलिकीटक पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतात. त्यामुळे मुंबईत आणि कोकणात पावसाळा त्यांना मानवतो, तर आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकून मरतात. दसऱ्याच्या सुमारास गाद्या, रजया, लोड-तक्के गच्चीवर टाकण्याची आपली जुनी पद्धत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. गादी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात तापवावी. मात्र मेलेल्या कीटकांचे अवशेष आणि विष्ठा आतच राहत असल्याने नुसत्या उन्हावर न थांबता, नाका-तोंडाला मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून ती काठीने चांगली बडवावी. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम त्याच्याकडे मुळीच देऊ नये.

खोली नेहमी वरून खाली साफ करावी. पंख्याचे पाते पुसताना जुना अभ्रा पात्यावर पिशवीसारखा चढवून दोन्ही हातांनी दाबत बाहेर ओढला, की धुळीचा करडा थर अभ्र्याच्या आतच राहतो आणि पलंगावर पडत नाही. त्यानंतर कपाटांचे माथे आणि खिडक्यांच्या चौकटी घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात, कारण कोरडे फडके धूळ फक्त इकडून तिकडे नेते. पडदे घरात झटकू नयेत. अलगद काढून थेट धुवायला टाकावेत.

सोफ्याच्या बैठकी उचलून खालच्या फटींतून व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी सावकाश फिरवावी. यंत्राला हेपा फिल्टर, म्हणजे अतिशय बारीक कणही अडवणारी गाळणी, असल्यास उत्तम, नाहीतर बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. यंत्र नसेल, तर बैठकीवर ओलसर पंचा पसरून त्यावरून हलकेच थोपटावे. धूळ पंच्याला चिकटते.

फरशी सर्वांत शेवटी, तीही खिडक्या उघड्या ठेवून आणि पंखा बंद करून झाडावी. झाडल्यावर तासाभराने ओल्या फडक्याने पुसल्यास हवेतून खाली बसलेली धूळही निघते.

एक छोटी सवय मात्र रोजची हवी : सकाळी उठल्याबरोबर अंथरुणावर पलंगपोस घालू नये. रात्रीच्या घामाचा ओलावा सुकेपर्यंत, निदान तासभर तरी, पांघरूण बाजूला सारून गादी मोकळी ठेवावी.