ओळखीतला पेशंट आणि कोरा केस पेपर: डॉक्टरांनो, या चुका टाळा

रात्री साडेदहाला दवाखान्याचं शटर ओढत होतो. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. "डॉक्टर, पित्त उसळलंय, ती मागची गोळी कुठली हो?" मी नाव सांगितलं, ते मेडिकलकडे वळले, मी घरी गेलो. पहाटे त्यांना हार्ट अटॅक आला. नशिबाने वाचले. पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी आली. भांडायला नाही, मेडिक्लेमसाठी. "बाबांनी तुम्हाला दाखवलं होतं ना, त्या रात्रीचा तुमचा कागद हवा होता." कागद नव्हता. ईसीजीचं मशीन शटरच्या आत, हाताच्या अंतरावर होतं, आणि मी जिन्यात उभं राहून पित्ताची गोळी सांगितली होती. तिच्याऐवजी वकील आला असता तर?

अनोळखी पेशंट आला की आपण बीपी घेतो, दोन प्रश्न जास्त विचारतो, लिहून ठेवतो. सोसायटीतला, लोकलच्या ग्रुपमधला, बायकोच्या शाळेतला कोणी आला की हात सैल सुटतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. आपल्या धंद्यात ती कोर्टाचीही नातेवाईक लागते, आणि खालच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात.

"मी पैसेच घेतले नाहीत"

हा बचाव फार जणांना तोंडपाठ असतो. १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती जागा कायद्याच्या बाहेर. पण जिथे काहींकडून फी घेतली जाते आणि काहींना सोडली जाते, तिथला फुकटातला पेशंटही ग्राहकच. म्हणजे काकांकडून मी शंभर रुपये घेतले नाहीत याने माझी जबाबदारी तसूभरही कमी होत नाही.

२०१९च्या नव्या कायद्यातल्या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नाही म्हणून काही मंडळी सुटकेचा निःश्वास टाकून मोकळी झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो आनंद टिकू दिला नाही, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. (वकील मात्र २०२४च्या निकालाने या कायद्याच्या बाहेर आहेत. असो.)

फी माफ करायची तर खुशाल करा. केस पेपर माफ करू नका.

फोनवरचं औषध

मार्टिन डिसूझा खटला मुंबईतल्याच एका रुग्णालयातला. किडनीच्या पेशंटला अमिकासिन हे अँटिबायोटिक दिलं, पुढे त्याची ऐकण्याची शक्ती गेल्याची तक्रार झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला, पण जाता जाता आपल्या सगळ्यांना चार गोष्टी सुनावल्या. त्यातली एक म्हणजे तातडीची वेळ सोडून, न तपासता फोनवर औषध सांगू नका. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात डॉक्टर गावाबाहेर, बाळंतीण पुन्हा दाखल, उपचार फोनवरून, आणि शेवटी मृत्यू. उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा राज्यभर डॉक्टर हादरले होते.

मग २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि फोनवरच्या सल्ल्याला चौकट मिळाली. गंमत अशी की आपण चौकट वाचली नाही, फक्त परवानगी वाचली. पेशंट कोण, वय काय, काय सांगितलं, काय सल्ला दिला याची नोंद तिथेही हवीच, प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक हवाच, आणि शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणातली) किंवा एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं फोनवरून नाहीतच.

माझी सोय सांगतो. फोन ठेवल्यावर लगेच त्याच व्हॉट्सअॅपवर दोन ओळी: "आता ८:४०. छातीत जळजळ एक तासापासून. लगेच ईसीजी काढायला सांगितलं आहे, घाम किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल." दुसऱ्या दिवशी त्या ओळी केस पेपरवर उतरवायच्या. पेशंटला वाटतं डॉक्टर काळजीने लिहितात. तेही खरंच आहे.

"व्हायरल आहे, चार दिवस चालेल"

जुलै महिन्यातल्या मुंबईत हे वाक्य रोज शंभर दवाखान्यांत बोललं जातं, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतं. १९९२च्या जुलैत इथल्याच एका माणसाला आधी व्हायरल, मग टायफॉईड म्हणून औषधं दिली गेली आणि तो दगावला. औषध देणारे डॉक्टर होमिओपॅथीचे, औषधं अॅलोपॅथीची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या शास्त्राची नोंदणी नाही त्याची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करावा लागत नाही. पत्नीला तीन लाख भरपाई मिळाली. नर्सिंग होम चालवणाऱ्यांनी रात्रपाळीला कोण बसतं, त्याच्या नोंदणीत काय बसतं, हे एकदा नीट पाहावं. त्याची सही असली तरी बोर्ड तुमचा असतो.

तापाच्या पेशंटला तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहाच: साचलेल्या पाण्यातून चाललात का, लघवी कमी किंवा लाल होते का, कुठे रक्त येतं का. "नाही" असं उत्तर आलं तरी "नाही" लिहायचं. लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) पाचव्या दिवशी उघड होतो तेव्हा पहिल्या दिवशीचं ते "नाही" तुमच्या बाजूने उभं राहतं. आणि परत कधी यायचं ते तोंडी नको. "ताप तिसऱ्या दिवशी असेल तर रक्त तपासा, उलट्या किंवा सुस्ती आली तर त्याच दिवशी या" एवढं मराठीत, पेशंटला वाचता येईल अशा अक्षरात. आपलं अक्षर मेडिकलवाल्यालाच लागतं ही शेखी आता पुरे.

इंजेक्शनचं थोडक्यात. पेशंट सुई मागतो म्हणून सुई मारू नये हे सगळ्यांना कळतं. पण मारलीच आणि रिअॅक्शन आली तर हात आधी एव्हिल (अॅलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) यांच्याकडे जातो, तिथे वेळ जातो. अॅड्रेनालीन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आधी. ट्रेमधल्या अॅम्प्यूलची एक्स्पायरी आज घरी जाण्यापूर्वी बघा.

सही कोणाची?

चाळीस-पन्नास वर्षांची शुद्धीवरची बाई, आणि संमतीपत्रावर सही मुलाची. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की चूक वाटेनाशी झालीय. समीरा कोहली खटल्यात ४४ वर्षांच्या महिलेने फक्त तपासणीच्या लॅप्रोस्कोपीला (दुर्बिणीतून पोट पाहायला) संमती दिली होती. भूल दिलेली असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढलं गेलं. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फी नाकारली आणि वर पंचवीस हजार भरपाई द्यायला लावली. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या चुकीची होती म्हणून नव्हे, विचारलं नाही म्हणून. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, पण "पुन्हा भूल कशाला" ही सोय म्हणजे जीवघेणी तातडी नव्हे.

दुसरं, छापील इंग्रजी फॉर्म. मालवणी बोलणाऱ्या आजी किंवा जौनपूरच्या टॅक्सीवाल्याच्या अंगठ्याला त्या फॉर्मवर फारसा अर्थ उरत नाही. काय करणार, काय बिघडू शकतं, दुसरा पर्याय कोणता, हे त्यांच्या भाषेत दोन-तीन ओळींत हाताने लिहा आणि कोणत्या भाषेत समजावलं तेही लिहा.

मयताचं सर्टिफिकेट

भीड सर्वांत महाग पडते ती इथे. रात्री दीडला बेल वाजते. "डॉक्टर, आजोबा गेले. स्मशानात कागद मागतात. तुम्ही आपले घरचे." दारात दहा माणसं, आणि तुम्ही आजोबांना शेवटचं पाहिलंत गणपतीत.

शेवटच्या आजारात तुम्ही तपासत असाल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला देणं हे तुमचं कर्तव्य आहे आणि त्याची फी घेता येत नाही. घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ. पण तुम्ही तपासत नव्हता, किंवा आजोबा आठवड्यापूर्वी बाथरूममध्ये पडले होते, किंवा कपाळावर खूण आहे, तर सही करायची नाही. पोलिसांना कळवायचं, पोस्टमॉर्टेम होऊ द्यायचं. घरचे नाराज होतील, महिनाभर जिन्यात बघणार नाहीत. पण पडल्यानंतरचा मृत्यू "हार्ट अटॅक" म्हणून जाळला गेला आणि सहा महिन्यांनी घराच्या हिश्श्यावरून दोन भाऊ भांडले, की ते भांडण तुमच्या सहीवर येऊन उभं राहतं. मी वाक्य ठरवून ठेवलंय: "माझ्या सहीने तुमचाच त्रास वाढेल. चौकीपर्यंत मी येतो तुमच्यासोबत." आणि खरंच जातो.

मागच्या तारखेचं आजारपणाचं सर्टिफिकेट हे याच झाडाचं छोटं फळ. वैद्यक परिषदेच्या नियमांत खोट्या दाखल्याला नोंदणी जाण्यापर्यंत शिक्षा आहे. दाखल्यांचं रजिस्टर ठेवा. रजिस्टर समोर दिसलं की मागणारे आपोआप कमी होतात, हा स्वानुभव.

बिघडलंच तर

केस पेपरला हात लावू नका. राहिलेली नोंद करायचीच असेल तर आजची तारीख, आजची वेळ टाकून "उशिरा केलेली नोंद" म्हणून. चुकलेल्या शब्दावर एक रेघ, बाजूला सही. व्हाइटनर आणि वेगळ्या शाईची पेन ही वकिलांची आवडती वस्तू.

कागद मागितले तर ७२ तासांत प्रती द्यायच्या, पोच घ्यायची. अडवून ठेवलं की लपवण्यासारखं काही आहे असाच अर्थ निघतो. दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. लहान मुलांचे मी त्याहून बरेच जास्त ठेवतो, आणि तक्रार चालू असेल तर ती संपेपर्यंत.

दुसऱ्या डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनकडे बघून "हे कोणी दिलं?" असं भुवया उंचावून विचारू नका. कित्येक तक्रारींचं बी त्या भुवईत असतं.

पोलीस आले तर घाबरून जबाब देत सुटू नका. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) फौजदारी गुन्ह्यासाठी ढोबळ निष्काळजीपणा लागतो, त्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं आणि नेहमीसारखी सरसकट अटक करू नये, असं ठरलेलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरला उपचारातल्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जमाव जमला, तोडफोड झाली, तर राज्याचा २०१० चा कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. वाद घालत बसू नका, तक्रार नोंदवा.

वकिलाची नोटीस आली की ती ड्रॉवरमध्ये टाकायची नाही, आणि रागाने स्वतः उत्तरही लिहायचं नाही. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. पुढे वांद्र्याच्या किंवा तुमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडून तक्रारीची प्रत आली की उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच सांगितलंय. "मेव्हणा वकील आहे, तो बघेल" यात हे ४५ दिवस सहज निघून जातात.

पॉलिसीबद्दल एकच. इन्डेम्निटी विम्यात (पेशंटच्या भरपाईच्या दाव्यांसाठी डॉक्टरने काढलेल्या विम्यात) घटना घडली त्या दिवशीची पॉलिसी असून भागत नाही, दावा येतो त्या दिवशीही ती चालू लागते आणि घटना पॉलिसीवर छापलेल्या मागच्या तारखेनंतरची लागते. एक वर्ष नूतनीकरण हुकलं की ती मागची तारीख पुसली जाऊ शकते आणि जुन्या सगळ्या पेशंटच्या बाबतीत तुम्ही उघडे पडता. माझ्या पॉलिसीची तारीख ऑगस्टातली आहे. तापाच्या गर्दीत विसरायला याहून सोयीचा महिना नाही, म्हणून ती मी जूनमध्येच, पहिल्या पावसाआधी भरतो.